रिकव्हरीही उघडत नाही तेव्हा काय करावे

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, खरिपाच्या पीकविम्याचे अर्ज भरण्याची धावपळ चालू असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात संगणक बंद पडल्याचे जेवढे फोन येतात तेवढे वर्षाच्या इतर कोणत्याही आठवड्यात येत नाहीत. सांगणाऱ्याचे शब्दही साधारण ठरलेले असतात. "भाऊ, कॉम्प्युटर सुरूच होऊन नाही राहिला, निळा पडदा येते अन् पुन्हा बंद पडते." आणि त्यामागोमाग दुसरे वाक्य येते, "रिकव्हरीबी करून पायली, तेही होत नाही."

या लेखाचा विषय ते दुसरे वाक्य आहे. विंडोज कोसळणे ही नित्याची गोष्ट असून त्यावर विंडोजनेच दुरुस्तीची सोय करून ठेवलेली असते. परंतु ती सोयच उघडेनाशी झाली की नवखा माणूस घाबरून समोर दिसेल ते बटण दाबत सुटतो, आणि शेवटी 'रिमूव्ह एव्हरीथिंग' या पर्यायापर्यंत पोहोचून ग्राहकांची कागदपत्रे कायमची घालवून बसतो. गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या, ग्रामपंचायतीत संगणकावर बसणाऱ्या किंवा दुरुस्तीचे काम नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींसाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. त्यांचा क्रम मोडू नये, कारण यातली बरीचशी हानी संगणकाच्या बिघाडाने होत नसून चुकीच्या क्रमाने केलेल्या दुरुस्तीने होते.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी. विंडोजची रिकव्हरी म्हणजे त्याच डिस्कच्या एका लहानशा लपवलेल्या भागात ठेवलेली छोटी विंडोजच असते. ती त्याच रॅममध्ये चढते, त्याच पॉवर सप्लायवर चालते आणि डिस्क कुलूपबंद असेल तर तिलाही तीच चावी लागते. विहिरीत पडलेल्याला वर काढायचा दोर त्याच विहिरीत ठेवावा तशी ही व्यवस्था आहे. म्हणून रिकव्हरी न उघडणे हेसुद्धा एक लक्षण मानावे: केवळ एखादी फाइल बिघडली असती तर रिकव्हरी उघडली असती, ती उघडत नाही, त्या अर्थी दोष बहुधा डिस्क, रॅम, वीज, उष्णता किंवा डिस्कची नोंद यांपैकी कशात तरी आहे.

पहिली पायरी: हात थांबवून पाहणे

संगणक एकदा सुरू करावा आणि काय घडते ते मोबाइलने चित्रित करावे, कारण निळ्या (नव्या विंडोज ११ मध्ये काळ्या) पडद्यावरचा संदेश काही सेकंदच टिकतो. संगणक कोणताही संदेश न देता फटकन काळा होऊन बंद पडत असेल तर वीज किंवा उष्णता यांच्यावर संशय घ्यावा. निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' किंवा 'अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम' असे येत असेल तर विंडोजला आपली डिस्कच नीट वाचता येत नाही असा त्याचा अर्थ होतो. 'मेमरी मॅनेजमेंट' असे आले, किंवा दर वेळी वेगळाच संदेश आला, तर रॅमकडे पाहावे. 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' असे दाखवून संगणक पुन्हा पुन्हा फिरत राहिला तर मात्र यांपैकी काहीही असू शकते. डिस्क जुन्या पद्धतीची, म्हणजे फिरणारी असेल तर कान लावून ऐकावे. एकसारखा टक्-टक् आवाज येत असेल तर तिथेच संगणक बंद करावा आणि तो पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा, कारण अशी डिस्क प्रत्येक सुरुवातीला आणखी बिघडत जाते.

दुसरी पायरी: वीज, ऊन आणि कापूस

ही पायरी शहरातल्या मार्गदर्शिकांमध्ये एका ओळीत उरकलेली असते. आपल्याकडे मात्र निम्मे उत्तर इथेच सापडते, असा माझा अनुभव आहे.

कापसाला भाव येईपर्यंत तो घरातल्याच एखाद्या खोलीत साठवून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे आणि बऱ्याच घरांत संगणकही त्याच किंवा शेजारच्या खोलीत असतो. कापसाचे तंतू हवेबरोबर कॅबिनेटमध्ये ओढले जातात आणि प्रोसेसरवरचा पंखा व त्याखालची ॲल्युमिनियमची जाळी यांच्या मधोमध नमद्यासारखा थर बसतो. वरून पाहिल्यास पंखा स्वच्छ दिसतो. पंखा सोडवून उचलल्यावरच खालचा थर दिसतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापमान असताना अशा संगणकाचा प्रोसेसर काही मिनिटांतच सुरक्षिततेची मर्यादा गाठतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी सगळे बंद करतो. रिकव्हरी चालू असतानाही हेच घडते, आणि पाहणाऱ्याला रिकव्हरी बिघडली असे वाटते. माझ्याकडे आलेल्या एका संगणकावर त्याच्या मालकाने तीनदा विंडोज टाकण्याचा प्रयत्न केला होता व तिन्ही वेळा तो अर्ध्यावर बंद पडला होता. मूठभर तंतू काढून थर्मल पेस्ट नव्याने लावल्यावर तो जुन्याच विंडोजवर सुरू झाला.

सफाई करताना वायर भिंतीतून काढावी, मग पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. तोंडाने फुंकर मारू नये, तिच्यात ओलावा असतो. मऊ ब्रश किंवा हातातला ब्लोअर वापरावा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते हवेने वेगात फिरले तर त्याची बेअरिंग खराब होते. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे अर्थिंग: कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, आणि ते मिस्त्रीकडून करून घेतल्याशिवाय पुढची कोणतीही दुरुस्ती टिकत नाही. दुसरी म्हणजे कूलर. उन्हाळ्यात पाण्याचा कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिले आहेत. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि जुना पॉवर सप्लाय तेवढ्यानेही संगणक सोडून देतो. संगणकाला भिंतीतला वेगळा सॉकेट द्यावा.

तिसरी पायरी: अंगावरचे ओझे उतरवणे

प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र, वेबकॅम, पेनड्राइव्ह, डिजिटल सहीचे टोकन असे सगळे काढून ठेवावे आणि फक्त कीबोर्ड, माउस व मॉनिटर जोडून संगणक सुरू करावा. संगणक कधीकधी जोडलेल्या पेनड्राइव्हवरूनच सुरू होऊ पाहतो आणि माणूस विंडोज गेली म्हणून रडत बसतो.

त्यानंतर रॅम. डेस्कटॉपमध्ये रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासाव्यात, भुगा झटकावा आणि दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच बसवून पाहावी. पट्टीला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. पावसाळ्यात या कडांवर ओलाव्याने थर चढतो, त्यामुळे खोडरबराचा हा उपाय हास्यास्पद वाटला तरी तो पुष्कळदा लागू पडतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पाटीवरच जोडलेली असते. तिथे हा प्रयोग होत नाही.

चौथी पायरी: बायोसमध्ये डिस्क दिसते का

संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ२ ही कळ वारंवार दाबावी. एचपीच्या संगणकांत एफ१० चालते. जो पडदा उघडतो त्याला आपण सवयीने बायोस म्हणतो. इथे तीन गोष्टी पाहायच्या असतात, आणि काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढायचा असतो.

पहिली गोष्ट डिस्कचे नाव. ते दिसतच नसेल तर विंडोजच्या दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. डिस्कची केबल बदलून, दुसऱ्या सॉकेटला लावून पाहावे, आणि तरीही दिसली नाही तर डिस्क मेली असे समजावे. एसएसडी मरताना आवाज करत नाही, काल चालू होती आणि आज नाही, एवढेच होते. दुसरी गोष्ट तारीख. ती अनेक वर्षे मागची दिसत असेल तर मुख्य पाटीवरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, संपलेला आहे. हा सेल संपल्यावर बायोस आपल्या मूळ नोंदींवर परत जाते आणि त्यात डिस्क वाचण्याची पद्धत बदलू शकते. मग विंडोज आणि रिकव्हरी दोन्ही शाबूत असूनही 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' दिसते. म्हणून तिसरी गोष्ट म्हणजे साटा मोड: तो एएचसीआय आणि रेड यांपैकी एकावर असेल, दुसऱ्यावर करून एकदा सुरू करून पाहावे, फरक पडला नाही तर पूर्ववत करावे. लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद असेल तर या बदलाने चावी मागितली जाऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

पाचवी पायरी: बाहेरून दोर सोडणे

डिस्क बायोसमध्ये दिसते पण रिकव्हरी उघडत नाही, अशा वेळी रिकव्हरी बाहेरून आणावी लागते. दुसऱ्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून घ्यावे व निदान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलेशन मीडिया तयार करावा. पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नये. यासाठी काही जीबी डेटा लागतो. गावात रेंज धड नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी एकदाच जाऊन तयार करून आणावा आणि कपाटात ठेवून द्यावा.

पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी डेल, लेनोव्हो आणि एसर यांच्या बहुतेक संगणकांत एफ१२, एचपीत एफ९ आणि असूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप ही कळ लागते. भाषा निवडण्याचा पडदा आला की 'इन्स्टॉल' दाबू नये, 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' निवडावे. आता जी रिकव्हरी उघडते ती पेनड्राइव्हवरची असते, बिघडलेल्या डिस्कवरची नाही. हीसुद्धा अर्ध्यावर बंद पडली तर दोष बहुधा रॅम, वीज किंवा उष्णतेत आहे असे समजून मागच्या पायऱ्यांवर परतावे.

इथे एक अडचण हमखास येते. अकराव्या पिढीच्या किंवा त्यापुढच्या इंटेल प्रोसेसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर डिस्कच दिसत नाही. ती मेलेली नसते. इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' केल्यावर ती दिसू लागते. हे ठाऊक नसल्यामुळे चांगली डिस्क टाकून नवी विकत घेतलेले लोक मला भेटले आहेत.

रिकव्हरी उघडते पण कीबोर्ड-माउस चालत नाही, असाही प्रकार घडतो, आणि तो नेहमी तुमचा दोष नसतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आलेल्या विंडोज ११ च्या अद्ययावतीकरणानंतर रिकव्हरीत यूएसबी कीबोर्ड आणि माउस निकामी झाले होते व मायक्रोसॉफ्टला २० ऑक्टोबरला त्यावर वेगळा उपाय द्यावा लागला होता. जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड तेव्हाही चालत होता. अडगळीतला तसा एखादा कीबोर्ड जपून ठेवावा.

सहावी पायरी: आधी कागदपत्रे, मग दुरुस्ती

कोणते कागद धोक्यात आहेत आणि कोणते नाहीत हे ग्राहकाला शांतपणे सांगावे, कारण दुकानासमोर गर्दी जमते ती बहुतेक गैरसमजाने. सादर झालेले विम्याचे अर्ज, सातबारा, दाखले हे सरकारी सर्व्हरवर असतात. आपला संगणक जळाला तरी त्यांना काही होत नाही. डिजिटल सहीचे प्रमाणपत्र टोकनमध्ये असते. धोक्यात असतात ते डेस्कटॉपवर स्कॅन करून ठेवलेले आधार आणि पासबुक, टॅलीचा डेटा, वसुलीच्या एक्सेल फाइली, आणि ज्याची आठवण कुणालाच होत नाही ते मराठी फॉन्ट. ग्रामपंचायतीचे जुने ठराव 'सुरेख'सारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. विंडोज नवी टाकल्यावर फाइल उघडते, पण तिच्यात इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. विंडोजच्या फोल्डरमधले फॉन्टही उचलून ठेवावेत.

फाइली काढण्याची सोपी युक्ती अशी. पेनड्राइव्हवरच्या रिकव्हरीत 'ट्रबलशूट' आणि पुढे 'कमांड प्रॉम्प्ट' उघडावा, तिथे नोटपॅड हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबावे. नोटपॅडच्या 'फाइल' आणि 'ओपन'मध्ये गेल्यावर खाली 'ऑल फाइल्स' निवडले की सगळ्या डिस्क दिसतात. तिथूनच फोल्डरवर उजवी क्लिक करून कॉपी आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट करता येते. कॉपी किती झाली हे दिसत नाही, पडदा थिजल्यासारखा वाटतो, पण त्याला वेळ द्यावा. इथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा सी इथे डी असू शकतो. डिस्क मधूनच अडकत असेल तर सर्वांत महत्त्वाचे फोल्डर आधी घ्यावे. ज्यांना लिनक्सची सवय आहे त्यांनी मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवरून चालवून हेच काम अधिक आरामात करावे.

नव्या लॅपटॉपमध्ये इथे बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेले कुलूप, ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची चावी, मागतो. लॅपटॉप घेताना ज्या ईमेलने मायक्रोसॉफ्ट खाते उघडले होते, त्याच खात्यात दुसऱ्या मोबाइलवरून लॉगिन केल्यास ती की बहुधा सापडते. खाते कुणाचे, हाच खरा प्रश्न असतो: कुठे दुकानदाराने आपल्या ईमेलवर लॅपटॉप सुरू करून दिलेला असतो, कुठे पुण्याला शिकणाऱ्या पोराच्या. आधी त्या सगळ्यांना फोन करावेत. की सापडली नाही तर डेटा निघत नाही, आणि काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रणालीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. ती एक फाइल सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज गरजेपुरतीच सुरू करून, पुसली की संगणक सुरू होत असे. तरीही मोठमोठ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ ठिकठिकाणी खोळंबले, कारण सेफ मोडच्या आधी बिटलॉकरची की लागत होती आणि ती हाताशी नव्हती.

सातवी पायरी: दुरुस्ती

कागदपत्रे बाहेर आल्यावर हात मोकळा होतो. आधी 'स्टार्टअप रिपेअर' एकदा चालवावी. दोनदा अपयश आले तर तिसऱ्यांदा चालवून उपयोग नाही. बिघाड अद्ययावतीकरणानंतर लगेच सुरू झाला असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधून शेवटचे क्वालिटी अपडेट काढावे. सिस्टम रिस्टोर चालू ठेवलेले असेल तर तेही पाहावे, बहुतेकांकडे ते बंदच असते. डिस्कवरची रिकव्हरी आता उघडत असेल तर सेफ मोडसाठी तिच्या 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये ४ दाबावे, पेनड्राइव्हवरच्या रिकव्हरीत हा पर्याय नसतो. तिथे संगणक चालला तर नव्याने टाकलेला ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस काढून टाकावा.

चेकडिस्कची, म्हणजे डिस्कवरच्या चुका शोधण्याची, आज्ञा पुष्कळ ठिकाणी पहिला उपाय म्हणून सांगितली जाते. माझे मत वेगळे आहे. मरू घातलेल्या डिस्कवर ती तासन्‌तास ताण देते आणि उरलेल्या फाइलीही अडकतात. म्हणून डेटा बाहेर आल्यावरच ती चालवावी.

आठवी पायरी: रीसेट किंवा नवी विंडोज

यापैकी कशानेही काम झाले नाही, पण डिस्कवरची रिकव्हरी उघडू लागली असेल, तर तिच्या 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' निवडून पाहावे. यात वैयक्तिक फाइली राहतात, मात्र टॅलीसकट टाकलेली सॉफ्टवेअर जातात. 'देअर वॉज अ प्रॉब्लेम रीसेटिंग युअर पीसी' असे आले, किंवा ती रिकव्हरी उघडतच नसेल, तर पेनड्राइव्हवरून नवी विंडोज टाकावी. मूळ विंडोज परवानाधारक असेल आणि तीच आवृत्ती टाकली तर इंटरनेट मिळताच ती आपोआप सक्रिय होते, परवान्याची की पुन्हा विकत घ्यावी लागत नाही. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, परंतु टीपीएम २.० ही सुरक्षिततेची सोय नसलेल्या जुन्या संगणकावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा यंत्रावर पैशांचे व्यवहार करू नयेत. 'लाइट' या नावाने फुकट वाटल्या जाणाऱ्या विंडोज तर टाकूच नयेत, कारण आकार कमी करण्यासाठी त्यांतून अनेकदा रिकव्हरीच कापून टाकलेली असते.

हे काम तासभर ते दोन तास चालते, आणि ६०० व्हीएचा यूपीएस लाइन गेल्यावर जेमतेम दहा-पंधरा मिनिटे तग धरतो. म्हणून रीसेट दुपारी सुरू करू नये. लाइन स्थिर असते आणि खोली थंड असते अशा पहाटेच्या वेळी करावा, किंवा इन्व्हर्टर असलेल्या घरी संगणक उचलून न्यावा. आभाळात विजा चमकत असतील तर काम सुरूच करू नये.

नवी विंडोज आल्यावर आधी तारीख-वेळ तपासावी, ती चुकली असेल तर सरकारी संकेतस्थळे सुरक्षिततेचा इशारा देऊन उघडायचे नाकारतात. मग अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ते आधारसाठी चालवणारे सॉफ्टवेअर), टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर आणि फॉन्ट या क्रमाने बसवावे आणि ग्राहकाला बोलावण्यापूर्वी स्वतःचा अंगठा लावून पाहावा. शेवटी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'रीएजंटसी' ही आज्ञा, पुढे मोकळी जागा, तिरकी रेघ आणि 'इन्फो' हा शब्द इंग्रजीत टाइप करावा (reagentc /info). रिकव्हरीपुढे 'एनेबल्ड' दिसले पाहिजे. 'डिसेबल्ड' दिसले तर 'इन्फो'च्या जागी 'एनेबल' टाकून ती चालू करावी. बूटची कळ, बिटलॉकरची की कोणत्या ईमेलवर आहे ते, आणि बायोसचा सेल बदलल्याची तारीख एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, पंख्यापासून दूर, चिकटपट्टीने लावून ठेवावा. लॅपटॉप असेल तर तो कागद बिलासोबत ठेवावा.